पाचवी परिपूर्ण संख्या : ३,३५,५०,३३६

तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस ही संख्या एखाद्या अंदाजपत्रकात रक्कम म्हणून आली, तर वाचणारा तिच्यापाशी क्षणभरही थांबणार नाही. तिच्यात शून्यांची रांग नाही, अंकांची ठळक पुनरावृत्ती नाही, आणि ती पाठ करावी असे वाटण्याजोगा तालही नाही. तरीही सुमारे साडेतेराशे वर्षे गणितज्ञांनी खरे मानलेल्या दोन ठोकताळ्यांपैकी एक याच संख्येने एकटीने, आणि दुसरा तिच्या जातीच्या पुढच्या संख्येच्या जोडीने मोडून काढला, आणि विसाव्या शतकात तिच्या एका अवयवाने तिसरीही एक आशा धुळीस मिळवली. एखाद्या मोठ्या संख्येचे ‘वर्गीकरण’ करणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी हिच्याइतके चांगले उदाहरण सहसा मिळत नाही.

संख्येचे वर्गीकरण म्हणजे तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे. सम की विषम, मूळ की संयुक्त, वर्ग आहे की नाही, हे प्रश्न शाळेपासून आपल्या ओळखीचे आहेत. यांपेक्षा थोडा खोल जाणारा एक प्रश्न प्राचीन ग्रीकांनी विचारला होता. एखाद्या संख्येला निःशेष भाग देणाऱ्या, पण तिच्यापेक्षा लहान असणाऱ्या सर्व संख्यांची बेरीज केली, तर ती मूळच्या संख्येपेक्षा कमी येते, जास्त येते की तंतोतंत तेवढीच येते? ८ चे असे विभाजक १, २ आणि ४; त्यांची बेरीज ७, म्हणजे एकने कमी, म्हणून ८ ही न्यून संख्या होय. १२ चे विभाजक १, २, ३, ४ आणि ६. त्यांची बेरीज १६, म्हणून १२ ही विपुल संख्या होय. ६ च्या बाबतीत मात्र १, २ आणि ३ यांची बेरीज बरोबर ६ येते. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. इसवी सन १०० च्या सुमारास गेरासा येथील निकोमाकस याने या तिन्ही वर्गांचे विस्ताराने वर्णन केले. विपुल संख्येला त्याने जास्तीचे अवयव असलेल्या प्राण्याची आणि न्यून संख्येला अवयव कमी पडलेल्या प्राण्याची उपमा दिली. उपमा गमतीची असली, तरी वर्गीकरण पक्के होते आणि ते आजही तसेच वापरले जाते.

निकोमाकसला चार परिपूर्ण संख्या माहीत होत्या : ६, २८, ४९६ आणि ८,१२८. पाचवी संख्या म्हणजे आपली ३,३५,५०,३३६. चौथीपासून पाचवीपर्यंतची ही उडी चार हजार पटींहून मोठी आहे, आणि ती इतकी मोठी का, याचे उत्तर संख्येचे अवयव पाडल्यावरच मिळते.

अवयव पाडणे येथे अवघड नाही. संख्या सम आहे म्हणून तिला २ ने भागावे, येणारा भागाकार पुन्हा सम असेल तर पुन्हा भागावे, आणि असे बारा वेळा केल्यावर हातात ८,१९१ ही विषम संख्या उरते. म्हणजेच आपली संख्या ४,०९६ गुणिले ८,१९१ आहे, आणि ४,०९६ हा २ चा बारावा घात आहे. ८,१९१ हीदेखील कोणतीही वाटेल ती संख्या नाही. २ च्या तेराव्या घातातून, म्हणजे ८,१९२ मधून, १ वजा केला की ती मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे तिचे आणखी अवयव पडत नाहीत. या लेखात पुढे येणारी बहुतेक प्रत्येक गोष्ट या एका गुणाकारातून निघते.

आता विभाजक मोजू. ८,१९१ ज्यांत नाही असे विभाजक म्हणजे १, २, ४, ८ असे दुप्पट होत ४,०९६ पर्यंत जाणारे तेरा आकडे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दाणे ठेवण्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्या गोष्टीतला मर्म असा की कोणत्याही घरापर्यंतच्या सर्व दाण्यांची बेरीज पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा बरोबर एकने कमी असते. तेराव्या घरापर्यंतची बेरीज म्हणून ८,१९२ वजा १, अर्थात ८,१९१ येते. उरलेले विभाजक हे याच तेरा संख्यांना ८,१९१ ने गुणून मिळतात. त्यांतला शेवटचा विभाजक म्हणजे स्वतः आपली संख्या असल्यामुळे तो बाजूला ठेवावा लागतो. राहिलेल्या बारांची बेरीज ८,१९१ गुणिले ४,०९५ होते. पहिल्या गटाची बेरीज एकदा ८,१९१ आणि दुसऱ्या गटाची ४,०९५ वेळा ८,१९१, असे मिळून ८,१९१ ची ४,०९६ पट होते, आणि ती म्हणजेच आपली ३,३५,५०,३३६ ही संख्या. या पडताळणीसाठी मोठी बेरीज मांडावीच लागली नाही, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे.

हाच युक्तिवाद युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या नवव्या खंडातील छत्तिसाव्या प्रमेयात सर्वसाधारण रूपात मांडला होता. एकपासून सुरू होऊन दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांची बेरीज करीत जावे. ती बेरीज ज्या टप्प्यावर मूळ संख्या येईल, त्या टप्प्यावर तिला शेवटच्या पदाने गुणावे. येणारी संख्या परिपूर्ण असते. १ आणि २ यांची बेरीज ३, आणि ३ गुणिले २ म्हणजे ६. पुढे ७ गुणिले ४ म्हणजे २८, ३१ गुणिले १६ म्हणजे ४९६ आणि १२७ गुणिले ६४ म्हणजे ८,१२८. बेरीज मूळ नसेल, तर कृती फसते. १, २, ४ आणि ८ यांची बेरीज १५ ही संयुक्त आहे. १५ गुणिले ८ म्हणजे १२०, आणि १२० च्या लहान विभाजकांची बेरीज १२० नव्हे, तर तिच्या दुप्पट, २४० भरते.

म्हणून खरा प्रश्न असा उरतो की २ च्या कितव्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळते. घातांक संयुक्त असेल तर उत्तरही संयुक्तच येते, हे सहज सिद्ध होते. त्यामुळे घातांक मूळ असणे आवश्यक आहे. २, ३, ५ आणि ७ या पहिल्या चार मूळ संख्या घातांक म्हणून घेतल्या, तर अनुक्रमे ३, ७, ३१ आणि १२७ या मूळ संख्या मिळतात आणि त्यांतून पहिल्या चार परिपूर्ण संख्या तयार होतात. येथपर्यंत आलेल्या कोणालाही पुढच्या मूळ संख्येने, म्हणजे ११ ने, पाचवी परिपूर्ण संख्या मिळेल असेच वाटेल. तसे झाले असते, तर पाचवी परिपूर्ण संख्या २,०४७ गुणिले १,०२४, म्हणजे २०,९६,१२८ ठरली असती. परंतु २,०४७ मूळ नाही. तिचे २३ आणि ८९ असे अवयव पडतात, आणि ही गोष्ट हुडालरिकस रेगियस याने १५३६ मध्ये छापून दाखवली. २०,९६,१२८ च्या लहान विभाजकांची बेरीज २३,२५,३९२ येते, म्हणजे ती संख्या परिपूर्ण नसून विपुल आहे. घातांक ११ चा असा निकाल लागल्यामुळे पाळी थेट १३ वर आली, आणि पाचवी संख्या एकदम कोटींच्या घरात गेली.

८,१९१ मूळ आहे हे ठरवायचे तर साध्या पद्धतीने २ पासून ८९ पर्यंतच्या चोवीस मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागते, कारण तिचे वर्गमूळ ९१ पेक्षा थोडे कमी आहे. १६४० मध्ये फर्मा याने हे कष्ट पुष्कळ कमी करणारा नियम शोधला. घातांक १३ असेल, तर २ च्या तेराव्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीच्या, म्हणजे २६ च्या, पटीपेक्षा एकने मोठा असलाच पाहिजे. ही अट पाळणाऱ्या ९१ पेक्षा लहान संख्या तीनच : २७, ५३ आणि ७९. त्यांपैकी २७ मूळ नाही. ८,१९१ ला ५३ ने भागल्यास २९ उरतात आणि ७९ ने भागल्यास ५४ उरतात. दोन भागाकारांत काम संपते. हाच नियम २,०४७ ला लावला, तर २२ अधिक १, म्हणजे २३, हा पहिलाच उमेदवार निःशेष भाग देतो.

आता सुरुवातीला उल्लेख केलेल्या दोन ठोकताळ्यांकडे वळू. निकोमाकसने पहिल्या चार परिपूर्ण संख्यांकडे पाहून दोन गोष्टी ठामपणे लिहून ठेवल्या. पहिली अशी की एकअंकी, दोनअंकी, तीनअंकी, चारअंकी अशा प्रत्येक गटात नेमकी एक परिपूर्ण संख्या असते. दुसरी अशी की या संख्यांच्या शेवटी ६ आणि ८ हे अंक आळीपाळीने येतात. ६, २८, ४९६ आणि ८,१२८ या यादीकडे पाहिले, तर दोन्ही विधाने निर्दोष दिसतात. पुराव्याची मागणी कोणी केली नाही आणि ही विधाने शतकानुशतके ग्रंथांतून उतरवली गेली. तेराव्या शतकातील गणिती इब्न फल्लूस याच्या अरबी यादीत पुढच्या तीन परिपूर्ण संख्या बरोबर दिलेल्या आढळतात; युरोपात मात्र ३,३५,५०,३३६ ही संख्या १४५६ ते १४६१ या काळातील एका लॅटिन हस्तलिखितात प्रथम दिसते, आणि तिच्या लेखकाचे नावही आपल्याला ठाऊक नाही. पाच, सहा किंवा सात अंकांची एकही परिपूर्ण संख्या नाही. पाचवी संख्या आठअंकी आहे. पहिला ठोकताळा तिथेच संपला. दुसरा पुढच्या पायरीवर संपला, कारण पाचव्या संख्येचा शेवटचा अंक ६ आहे आणि सहाव्या संख्येचा, म्हणजे ८,५८,९८,६९,०५६ चा, शेवटचा अंकही ६ च आहे. या सहाव्या संख्येची सिद्धता काताल्दी याने १५८८ मध्ये दिली.

निकोमाकसवर अन्याय होऊ नये म्हणून एवढे सांगितले पाहिजे की त्याच्या दुसऱ्या विधानातील अर्धा भाग खरा आहे. युक्लिडच्या कृतीने मिळणारी प्रत्येक परिपूर्ण संख्या ६ किंवा ८ वरच संपते; फक्त त्यांची पाळी ठरलेली नसते. घातांकाला ४ ने भागून १ उरत असेल, तर एका अवयवाचा शेवटचा अंक ६ आणि दुसऱ्याचा १ असतो, म्हणून गुणाकार ६ वर संपतो. ३ उरत असतील, तर ते अंक ४ आणि ७ असतात, आणि ४ गुणिले ७ म्हणजे २८, म्हणून गुणाकार ८ वर संपतो. १३ आणि १७ या दोन्ही घातांकांना ४ ने भागल्यास १ च उरतो, म्हणून सहा नंतर पुन्हा सहा आले. पहिल्या चार घातांकांत आळीपाळी दिसली, तो निव्वळ योगायोग होता.

या संख्येला भौमितिक आकारही आहेत. त्रिकोणात रचलेल्या गोट्यांप्रमाणे पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, अशा ८,१९१ ओळी मांडल्या, तर एकूण गोट्या बरोबर ३,३५,५०,३३६ होतात. व्यवहारातले रूप हवे असेल, तर एखाद्या मेळाव्यात ८,१९२ माणसे जमली आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच हात मिळवला, तर होणाऱ्या हस्तांदोलनांची संख्याही हीच. म्हणून ती त्रिकोणी संख्या आहे, आणि त्याच रचनेमुळे ती षट्कोनी संख्याही आहे. यापेक्षा मला अधिक आवडणारा गुणधर्म विषम संख्यांच्या घनांचा आहे. १ चा घन, ३ चा घन, ५ चा घन, असे करीत १२७ च्या घनापर्यंत गेले, तर पदे चौसष्ट होतात आणि त्यांची बेरीज ३,३५,५०,३३६ येते. दाण्यांच्या गोष्टीतील राजाने दुप्पट करण्याऐवजी बुद्धिबळाच्या घरांत विषम घनांइतके दाणे ठेवायचे मान्य केले असते, तर पट याच संख्येवर भरला असता, आणि कोठारही रिकामे झाले नसते.

द्विमान पद्धतीत, म्हणजे संगणक वापरतो त्या केवळ ० आणि १ यांच्या लिपीत, ही संख्या तेरा एकांपुढे बारा शून्ये अशी लिहिली जाते. दशमान पद्धतीत विस्कळीत दिसणारी संख्या येथे आपली सगळी रचना उघडी करून दाखवते, कारण २ चे घात हाच तिचा पाया आहे.

विभाजकांचा आणखी एक हिशेब करण्याजोगा आहे. या संख्येला स्वतःसह एकूण २६ विभाजक आहेत. त्या प्रत्येकाचा व्यस्त घेऊन, म्हणजे एक छेद एक, एक छेद दोन, एक छेद चार असे अपूर्णांक मांडून, सर्वांची बेरीज केली, तर ती बरोबर २ येते. विभाजकांच्या संख्येला त्यांच्या व्यस्तांच्या बेरजेने भागले की विभाजकांचा हरात्मक मध्य मिळतो; त्यामुळे तो येथे २६ भागिले २, म्हणजे १३ हा पूर्णांक येतो. ऑयस्टीन ओर या नॉर्वेच्या गणितज्ञाने १९४८ मध्ये अशा संख्यांचा अभ्यास केला. युक्लिडच्या पद्धतीच्या प्रत्येक परिपूर्ण संख्येत हा मध्य म्हणजे तिचा घातांकच असतो, म्हणून तेरा येथेही भेटतो.

आतापर्यंतचे सर्व गुणधर्म संख्येचे स्वतःचे आहेत. ती रोमन अंकांत लिहिली काय किंवा खडे मांडून दाखवली काय, ते बदलत नाहीत. दुसऱ्या प्रकारचे गुणधर्म आपल्या लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतात. ३,३५,५०,३३६ या संख्येतील अंकांची बेरीज २८ येते, आणि २८ ही स्वतः परिपूर्ण संख्या आहे. हा योगायोग मोहक आहे, परंतु त्याच्यामागे काहीही नाही. त्याच बेरजेत दडलेली दुसरी गोष्ट मात्र योगायोगाची नाही. २८ च्या अंकांची बेरीज १० आणि १० च्या अंकांची १ येते. ६ सोडून युक्लिडच्या पद्धतीच्या प्रत्येक परिपूर्ण संख्येत अंकांची अशी पुन्हा पुन्हा बेरीज करीत गेले, की शेवटी १ च उरतो. ४,०९६ म्हणजे १,३६५ ची तिप्पट अधिक १, आणि ८,१९१ म्हणजे १,३६५ ची सहापट अधिक १. या दोहोंच्या गुणाकारातील बाकीची सर्व पदे ९ च्या पटीत जातात आणि एकच शिल्लक राहतो.

अंकांवर आधारलेल्या वर्गीकरणांचा विषय निघाला की मराठी वाचकाला देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेल्या कापरेकरांनी अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. १८ ही हर्षद आहे, कारण १ आणि ८ यांची बेरीज ९ तिला भाग देते. आपली संख्या हर्षद नाही, आणि हे भागाकार न करताच सांगता येते : २८ ने भाग जायचा तर ७ ने भाग जायला हवा, परंतु या संख्येचे मूळ अवयव २ आणि ८,१९१ हे दोनच आहेत.

कापरेकरांचा दुसरा वर्ग स्वयंभू संख्यांचा. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. १५ मध्ये ६ मिळवले की २१ होतात, म्हणून १५ ही २१ ची जनक. ज्या संख्येला असा जनकच नसतो ती स्वयंभू; २० ही तशी आहे. ३,३५,५०,३३६ स्वयंभू नाही. ३,३५,५०,३१३ या संख्येच्या अंकांची बेरीज २३ आहे, आणि तिच्यात २३ मिळवले की आपली संख्या मिळते. दुसरा जनक तिला नाही, हेही उमेदवार एकेक तपासून पाहता येते. तपासायचे उमेदवार दहाही भरत नाहीत, आणि वाचकाने ते कागदावर करून पाहावे असे मी सुचवेन.

युक्लिडच्या कृतीबाहेर परिपूर्ण संख्या असतात का, हा प्रश्न अजून बाकी आहे. सम संख्यांपुरते त्याचे उत्तर अठराव्या शतकात ऑयलरने दिले : प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच साच्यातली असते. त्याची ही सिद्धता त्याच्या मृत्यूनंतर, १८४९ मध्ये छापली गेली. विषम परिपूर्ण संख्या एकही सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा करून मिळणारी मूळ संख्या धरून आज बावन्न परिपूर्ण संख्या माहीत आहेत.

शेवटी ८,१९१ ने मोडलेल्या त्या आशेविषयी. ३, ७, ३१ आणि १२७ या मूळ संख्याच पुन्हा घातांक म्हणून वापरल्या, तर काय होते? २ च्या त्या त्या घातातून १ वजा केल्यावर अनुक्रमे ७, १२७, २,१४,७४,८३,६४७ आणि एक एकोणचाळीस अंकी संख्या मिळते, आणि या चारही संख्या मूळ आहेत. त्यांतली तिसरी मूळ असल्याचे ऑयलरने १७७२ मध्ये आणि चौथी मूळ असल्याचे ल्युका याने १८७६ मध्ये दाखवले. तेव्हा अशी मूळ संख्या घातांकात ठेवली की प्रत्येक वेळी आणखी मोठी मूळ संख्या मिळत राहील, असे मानण्याचा मोह होणे साहजिक होते. पाचवी पाळी ८,१९१ ची. २ चा ८,१९१ वा घात वजा १ ही २,४६६ अंकी संख्या हाताने तपासणे शक्यच नव्हते. १९५३ मध्ये डेव्हिड व्हीलर याने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या इलियाक या संगणकावर ती तपासली आणि ती संयुक्त निघाली. त्या चाचणीतून एवढेच कळले की अवयव आहेत. ते कोणते, हे कळले नाही. पुढे तिचा एक विभाजक सापडला : ३,३८,१९,३७,५९,४७९. त्यातून १ वजा करून ८,१९१ च्या दुपटीने, म्हणजे १६,३८२ ने, भागले असता २,०६,४४,२२९ असा भागाकार येतो आणि बाकी काही उरत नाही. ५३ आणि ७९ ज्या चाळणीतून खाली आले होते, ती चाळणी हीच.